मामाच्या कवटीच्या तळापर्यंत

आमच्या फर्दापूरला जगभरची माणसं येतात. गळ्यात कॅमेरे, डोक्यावर पांढऱ्या टोप्या. लेणी बघतात, लिंबू-सरबत पितात आणि निघून जातात. आमच्या वस्तीवरचं माणूस मात्र औरंगाबादला सहसा जात नाही. मेंढरं घेऊन त्या बाजूला जाणारेसुद्धा शहर दिसू लागलं की वळसा घालतात. त्यामुळे सखाराममामाला घेऊन आम्ही औरंगाबादला जाऊन आलो, ती हकीकत गावात अनेक तऱ्हांनी सांगितली जाते. एका तऱ्हेत डॉक्टरांनी मामाचं डोकं काढलं, धुतलं आणि परत बसवलं. मी सगळा वेळ सोबत होतो, आणि घराण्यातला पहिला पदवीधर असल्यामुळे खरं काय ते लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आहे.

वस्तीवर

आधी मामाची मेंढरं दुप्पट झाली. म्हणजे त्याला तशी दिसू लागली. पहिले काही दिवस तो खुशीत होता. मग त्याने लांडग्याला धोंडा मारला तो शेजारच्या दिसणाऱ्या लांडग्याला, आणि खरा लांडगा कोकरू घेऊन गेला. नंतर तो खाटेवर बसायला गेला आणि खाटेच्या बाजूला बसला. डावा डोळा नाकाकडे वळला होता. डोकं मागून ठणकायचं.

"दोन बायका दिसतेत म्हणून सांगत नसतील कुणाला," मामी म्हणाली.

"एकीचंच बोलणं सोसंना," मामा म्हणाला, "आन आता दोन तोंडं हालताना दिसतेत."

सिल्लोडच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. त्याने फरक पडला. आधी दोन धूसर मेंढरं दिसायची, आता दोन लख्ख दिसू लागली.

मी तेव्हा वाळूजला स्कूटरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होतो. त्या काळात वाळूजला रोज नवी शेड उभी राहायची आणि शहरात विद्यापीठाच्या नामांतरासाठी रोज नवा मोर्चा निघायचा. नोकरी मिळाली ती पदवीमुळे, आणि पदवी मिळाली ती मामामुळे. मी मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात मामा मेंढरं घेऊन विद्यापीठामागच्या डोंगराखाली उतरला होता. परत आल्यावर म्हणाला, "गवत ब्येस हाय तिथं. तिथंच शीक." माझ्या उच्च शिक्षणाबद्दल आमच्या घरात झालेली ही एकमेव चौकशी. ती बरोबर निघाली. म्हणून मामाचा डोळा वळला तेव्हा त्याला शहरात नेणं मला भाग होतं.

पहिल्या खेपेला डोक्याचा कॅट स्कॅन झाला. मुंबईचे एक मोठे सर्जन मधूनमधून औरंगाबादला येत, त्यांनी फिल्म उजेडावर धरली. मग त्यांनी अतिशय शांतपणे समजावून सांगितलं. बाळ आईच्या पोटात असताना कण्याच्या आधी तिथे एक मऊ दोरी असते. कणा झाला की ती विरघळते. क्वचित कुणाच्या कवटीच्या तळाच्या हाडात तिचा तुकडा उरतो, आणि क्वचितातल्या क्वचित कुणात तो म्हातारपणी वाढू लागतो. मामाची ती गाठ डोळा फिरवणाऱ्या नसेवर दाबत होती. तशीच वाढू दिली तर आधी गिळणं जाईल, मग श्वास.

"म्हंजी सासूबाईंकडनंच ऱ्हायलं म्हना," मामी म्हणाली.

"लई जनांना आसतंय का ह्ये?" मामाने विचारलं.

"मी आजवर बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत."

मामाची मान थोडी ताठ झाली.

"डोकं उघडायचं नाही," सर्जन म्हणाले. "आजार पायाच्या दगडात आहे. छपरातून गेलो तर मधलं सगळं घर उचलावं लागेल. आपण तोंडातून जाऊ. टाळू चिरायची, घशाची मागची भिंत उघडायची, की समोर तेच हाड."

तारीख ठरली. वस्तीवर येऊन मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. नीट कळावं म्हणून तांब्या आडवा धरला, तोंडातून पळी घातली आणि तळाला टेकवून दाखवली. भावकीतले सगळ्यात वडीलधारे तात्या हे फार लक्ष देऊन बघत होते. मला बरं वाटलं. शिक्षणाचा उपयोग होतो तो असा, असं वाटलं.

हर्सूल

मला वाटलं होतं, आपण तिघं जाऊ. एसटी थांब्यावर भावकीची दहाबारा माणसं उभी होती. पटके, काठ्या, खांद्यावर घोंगड्या. शिवाय एक मेंढा होता. तो नवसाचा. मामा बरा झाला की शहरातल्या शहरात देवाला दाखवायचा होता.

या मेंढ्याचं नाव हवालदार. आधी त्याचं नाव ढवळ्या होतं. आमच्याकडे रीत अशी, की जनावर लांडग्याच्या तोंडातून परत आलं तर त्याचं नाव बदलायचं. लांडग्याला जुनं नाव माहीत झालेलं असतं, तो त्या नावाने पुन्हा हाक मारतो. आणि नवं नाव ठेवायचा मान, ज्याने ओढून काढलं त्याचा. ढवळ्याला मामीने ओढलं होतं. त्याच आठवड्यात एका हवालदाराने बाजारात तिचं लोण्याचं गाडगं लाथाडलं होतं. म्हणून हवालदार.

कंडक्टरने मेंढ्याचं अर्धं तिकीट फाडलं आणि एसटी घाट चढली. सिल्लोडला आम्ही भजी खाल्ली. फुलंब्रीपर्यंत ठीक होतं. हर्सूलला गाडी थांबली ती थांबलीच.

"शहर बंद हाय," ड्रायव्हर म्हणाला. "नामांतराचा सत्याग्रह चालू हाय. उतरा."

तलावावरचा वारा खात आम्ही चालू लागलो. रस्ता जेलच्या पुढून जातो. तिथे निळे झेंडे होते, घोषणा होत्या, पोलिसांच्या गाड्या होत्या. एका इन्स्पेक्टरसाहेबांनी आमच्या काठ्या बघितल्या, घोंगड्या बघितल्या आणि शिट्टी मारली.

"चला, बसा गाडीत. गडबड करायची नाही."

"दिगू," तात्या मला म्हणाले, "पाह्य. सरकारनं पेशंटासाठी गाडी धाडली."

मी खुलासा करायला तोंड उघडेपर्यंत सगळे चढून बसले होते. मेंढ्याला शिपायांनी मागून ढकललं. आत आधीच दाटी होती, आणि त्या दाटीतून आवाज आला, "दिग्या! तू? सत्याग्रहात?"

तो साळवे होता. विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. तो बोलण्यात हुशार, मी पाठांतरात. मामाची मेंढरं मागच्या डोंगराखाली उतरली की तो मला तूप आणून द्यायचा, त्यातलं अर्धं साळवेच खायचा. मी त्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की घोषणा देणाऱ्यांची लय चुकली.

"मामा, मी साळवे. वळखलं का?"

"दोघंबी वळखीचे वाटतेत," मामा म्हणाला.

मेंढ्याने तेवढ्यात साळवेच्या गळ्यातला झेंडूचा हार खायला सुरुवात केली. "हवालदार!" मामी ओरडली. "गप ऱ्हा! लाथ घालीन!"

दाराशी बसलेल्या खऱ्या हवालदाराने हळूच पाय आत घेतले.

जेल भरलं होतं, त्यामुळे गाडी मागे वळली आणि आम्हाला शहरातल्या पोलीस मैदानावर घेऊन गेली. आम्हाला नाहीतरी तिकडेच जायचं होतं. मैदानावर पत्रावळीवर खिचडी मिळाली. मीठ कमी होतं, पण गरम होती. आमच्यातले काही जण साळवेच्या लोकांपासून जरा अंतर ठेवून बसले होते. पण वाढणारा एकच, पातेलं एकच आणि सावली एकच होती. ऊन सरकलं तसं अंतर आपोआप कमी झालं. मामाने साळवेला विचारलं, "कशाचं भांडन हाय ह्ये?"

"विद्यापीठाचं नाव बदलायचंय, मामा."

"मग ठेवा की. माझी मेंढरं चरली तिथं. गवताला काय फरक पडायचा?"

"तेच तर. तरी घरं जाळतेत लोकं. आमचं जाळलं."



संध्याकाळी सोडताना इन्स्पेक्टरसाहेबांना कळलं की आमच्यात एक कवटीच्या ऑपरेशनचा रुग्ण आहे. "आधी का सांगितलं नाही?" ते कळवळून म्हणाले.

"तुमी इचारलं कवा?" तात्या म्हणाले. "बसा म्हनलं, बसलो."

साळवेला त्यांनी ठेवून घेतलं. त्याच्यासारख्यांना दुसऱ्या दिवशी सोडणार होते.

दवाखाना

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आमचं फार सोसलं आणि त्यांच्याकडे आणखी भावकी जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. आवारात गुलमोहर होता, त्याखाली घोंगड्या पसरल्या. मेंढा कुंपणाला बांधला. वॉर्डबॉय रशीदभाई जुन्या शहरातले. त्यांनी एकदाच विचारलं, "ये बकरा किस वास्ते?" आणि मी नवसाचं सांगितल्यावर म्हणाले, "अच्छा अच्छा. हमारे खुलताबाद के दर्गे पे भी ऐसाच रहता." त्यानंतर पाला तेच आणून टाकू लागले.

पोटात काहीही जाऊ द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं मला बजावलं होतं आणि मी मामाला बजावलं होतं. सकाळी मी जेमतेम चहा प्यायला बाहेर गेलो.

आलो तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गोंधळ होता. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई टॉर्च हातात धरून उभ्या होत्या. "ह्यांना कावीळ आहे," त्या म्हणत होत्या. "जीभ पिवळी, घसा पिवळा, मी अशी कावीळ पुस्तकातसुद्धा बघितली नाही."

रशीदभाईंनी वाकून मामाच्या तोंडात बघितलं. वास घेतला.

"काय का कावीळ, बाई! क्या मामू, मुंह में हल्दी का खेत लगाए क्या?"

मामाने अपराधी चेहऱ्याने तोंड मिटलं. मी तात्यांकडे बघितलं. आमच्याकडे कुणी जोखमीच्या कामाला निघालं की कपाळाला भंडारा लावतात. देवाची हळद. तात्या ती पिशवी घेऊनच आले होते.

"तात्या, तो कपाळाला लावायचा असतो ना?"

"तूच तं तांब्यात पळी घालून दावलीस," तात्या म्हणाले. "सुरी तोंडातनं जानार. मग देव आधी नगं का जायाला? कपाळावं बसून त्यानं काय करावं?"

मूठभर भंडारा कोरडा गिळता येईना म्हणून वर ताकही पाजलं होतं.

ऑपरेशन रद्द झालं. सर्जन हात धुऊन उभे होते, ते हात पुसत बाहेर आले. त्यांची स्वतःची हत्यारांची ट्रंक मुंबईहून आली होती, ती परत बंद झाली. त्यांचं विमान संध्याकाळी होतं. पुन्हा कधी याल, असं मी विचारलं. महिना-दीड महिना तरी लागेल, ते म्हणाले. मग फिल्मकडे बघून आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात म्हणून सांगतो. इतके दिवस ह्यांच्याकडे आहेत असं मी धरून चालणार नाही."

मी गुलमोहराखाली जाऊन बसलो. बी.एस्सी.ला मला पहिला वर्ग होता. मी समजावलं होतं तेही बरोबर होतं. आणि त्याच बरोबर समजावण्याने मामाचं मरण जवळ आणलं होतं. तात्या शेजारी येऊन बसले. त्यांनी भंडाऱ्याची पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तूच ठिव. माज्या हाताचा भरवसा नाय ऱ्हायला."

मग बंदने आम्हाला वाचवलं. ज्या बंदने हर्सूलला उतरवलं, त्यानेच. चिकलठाण्याच्या विमानतळाच्या वाटेवर टायर जळत होते, टॅक्सी कोणी काढेना, आणि विमान आलंच नाही म्हणून निरोप आला. अंधार पडायच्या सुमारास सर्जन ट्रंकेसह परत आले, आवारात शिरताना मेंढ्याला अडखळले आणि म्हणाले, "ठीक आहे. उद्या सकाळी."

पण बंदमुळेच रक्त कमी पडत होतं. बाटल्या हव्या होत्या. भावकीतले दोघं सुई बघूनच खाली बसले. बाकीच्यांचं आणि माझं जुळेना. अशा वेळी साळवे मैदानातून सुटून सरळ तिथे आला, मामाची विचारपूस करायला. त्याचं रक्त तपासलं. जुळलं.

तात्यांनी विचारलं, "रक्त कुनाचं हाय?"

सगळ्यांना माहीत होतं. तरी विचारलं. साळवेने बाही वर केलेलीच होती, ती तशीच धरून तो म्हणाला, "माझं हाय तात्या. बौद्धवाड्यातलं. लाल निघतंय का निळं, ते आता बघू."

खाटेवरून मामा म्हणाला, "तात्या, लांडग्याच्या तोंडातनं वढताना हात कुनाचा हाय, ह्ये मेंढी इचारती का?"

तात्या थोडा वेळ पटका सारखा करत राहिले. मग साळवेला म्हणाले, "सुई दुखती का रं?"

"दुखती."

"मग तोंड तिकडं कर," तात्या म्हणाले, आणि त्याचा दुसरा हात धरून बसले.

सकाळपर्यंत रशीदभाई मामाच्या उशाशी स्टूल टाकून बसले. कुणी जवळ आलं की तळहात दाखवायचे. "आज मुंह में सिर्फ डॉक्टर जाएगा. देव लोगां बाहर रुको."

ऑपरेशन सूर्य पार डोक्यावरून कलला तरी चालूच होतं. आत काय झालं ते सर्जननी नंतर सांगितलं. तोंड लोखंडी चौकटीने ताणून धरलं, सूक्ष्मदर्शकाखाली हाड चण्याफुटाण्यासारखं कुरतडत नेलं, आणि मागे ती गाठ सापडली. करड्या रंगाची, बुळबुळीत, खरवसासारखी. पण मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीवर तिचा पापुद्र्याएवढा थर चिकटला होता, तो त्यांनी सोडला. "तो ओढला असता तर माणूस टेबलावरच गेला असता. आता मुंबईला किरणांचे शेक द्यावे लागतील. तरी पुन्हा वाढू शकते, हे तुम्ही विसरू नका."

मी विसरलेलो नाही.

मामाच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. नाकातून दुसरी नळी, पेजेसाठी. बोलायचं नव्हतं. मामासारख्या माणसाला ही शिक्षा मोठी होती. त्याने काठी मागितली आणि खाटेच्या दांडीवर वाजवू लागला. मेंढरं वळवताना तो कधी कशी काठी आपटतो हे मामीला ठाऊक होतं, त्यामुळे ती सगळं बोलणं ओळखायची. एकदा आपटली की पाणी. घासली की कूस बदला. सर्जन निघताना भेटायला आले तेव्हा मामाने काठी लांब, सावकाश टेकवली.

"काय म्हणतात?" सर्जननी विचारलं.

"कळप घरला आला म्हंत्यात," मामी म्हणाली.

देवाला दाखवून आणलेला मेंढा आम्ही सर्जनना देऊ केला. त्यांनी विमानाची अडचण सांगितली.

परत

मुंबईचे शेक संपवून मामा वस्तीवर आला तेव्हा आवाज घोगरा झाला होता, पण डोळा जागेवर येत चालला होता. मग एक दिवस त्याने मेंढरांकडे बघितलं आणि उदास होऊन म्हणाला, "आरं, एवढीच हायेत व्हय?"

तात्यांनी भावकी बसवली. सखाराम लांडग्याच्या तोंडातून आला आहे, तेव्हा रीतीप्रमाणे त्याचं नाव बदललं पाहिजे. मेंढीची रीत माणसाला आजवर लावली नव्हती, पण एवढ्या जवळ जाऊन परत आलेलं माणूसही आजवर नव्हतं. प्रश्न एवढाच होता की नाव कोण ठेवणार. डॉक्टर मुंबईला. मी तर ताकाच्या दिवशीच बाद झालो होतो.

"त्या साळव्याला बोलीव," मामा म्हणाला.

साळवे आला. मामीने त्याला घरातल्याच पितळीत जेवायला वाढलं, आणि शेजारणी डोकावत होत्या त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अजून एक भाकरी घे म्हणाली. मग तात्यांनी माझ्याकडची भंडाऱ्याची पिशवी मागून घेतली, त्याच्या हातात दिली आणि काम सांगितलं.

तो बघतच राहिला. "एका नावासाठी मी एवढे मोर्चे काढले. जेलात बसलो. आन तुमी मला नाव आयतं हातात देता?"

"कपाळाला लाव," तात्या म्हणाले. "तोंडात नगं."

साळवेने पिशवीची गाठ सोडली. मग म्हणाला, "माझ्या बापाचं चालंल का? घर जाळलं त्या साली गेला तो. कोंडिबा."

"कोंडिबा," मामाने घोगऱ्या आवाजात म्हणून बघितलं. "दनकट हाय. चालंल."

साळवेने मामाच्या कपाळाला भंडारा लावला. मेंढा पुढे होऊन पिशवी हुंगू लागला, म्हणून फार वेळ कुणाला गंभीर राहता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा तलाठ्याकडे गेला, आम्ही दोघं सोबत. तलाठी हसला. "सखाराम, जन्माचं नाव हाय, चांगलं हाय. ह्या वयात बदलून तुला मिळनार काय?"

"लांडग्याला जुनं ठावं हाय," मामा म्हणाला.

"तसं बदलत नसतं नाव. जा घरी."

मामा बाहेर येऊन ओट्यावर टेकला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा साळवेकडे.

"साळवे, नाव देत नसतील तर काय करत्यात?"

"मोर्चा काढत्यात, मामा."

"मग काढू. तालुक्याला जाऊ. हवालदाराला म्होरं घालू." मग जरा विचार करून त्याने विचारलं, "किती दिस लागत्यात?"

साळवे रस्त्याकडे बघत म्हणाला, "काय सांगू. आमचं तं वर्षानुवर्षं चालूच हाय."

मामा काठी टेकून उठला आणि वस्तीच्या दिशेने, त्या नव्या घोगऱ्या आवाजात ओरडला, "अगं ये! दोन घोंगड्या काढून ठिव! मुक्काम लांबनार हाय!"